बेशुद्ध माणसाला आतून काही जाणवतं का? मेंदूविज्ञान कुठपर्यंत सांगू शकतं

घरातला माणूस बेशुद्ध होऊन आयसीयूत पडला की नातेवाईक डॉक्टरांना बरंच काही विचारतात. वाचतील का, खर्च किती येईल, अजून किती दिवस लागतील. दोन-तीन दिवस उलटले की आणखी एक प्रश्न हळू आवाजात येतो: "त्यांना आमचं बोलणं समजतंय का हो? दुखत असेल का त्यांना?" पाचोड हे सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. अपघातात डोक्याला मार लागलेले, लकवा झालेले, फवारणीचं औषध पोटात गेलेले, साप चावलेले रुग्ण इथून संभाजीनगरला पाठवावे लागतात. काही आठवड्यांनी घरचे लोक फाईल घेऊन परत भेटायला येतात, तेव्हाही बहुतेक वेळा हाच प्रश्न शिल्लक असतो.

त्याचं निम्मं उत्तर विज्ञानाकडे आहे आणि गेल्या वीस वर्षांत ते बरंच बदललं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल जगभरातले मेंदूशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ अजून वाद घालताहेत. दोन्ही बाजू तुम्हाला माहीत असलेल्या बऱ्या, कारण त्यावर मोठे निर्णय अवलंबून असतात: उपचार चालू ठेवायचे का, त्यासाठी जमीन विकायची का, घरी न्यायचं का, अवयवदान करायचं का.

जाग वेगळी, भान वेगळं

आपण "शुद्धीवर आहे" म्हणतो तेव्हा त्यात दोन गोष्टी असतात. पहिली जाग. डोळे उघडणं, झोपेतून उठणं, पुन्हा झोपणं. याची किल्ली ब्रेन स्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात असते. श्वासाचं केंद्रही तिथेच आहे. दुसरी गोष्ट भान, म्हणजे मी कोण, समोर कोण, मला दुखतंय, हा आवाज माझ्या मुलीचा. त्यासाठी मेंदूचा वरचा सुरकुत्यांचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, आणि आत खोलवर असलेला थॅलॅमस यांचं एकमेकांशी बोलणं चालू असावं लागतं. मीटरपर्यंत वीज आली म्हणजे घरातले दिवे लागलेच असं नसतं, तसं हे आहे.

भान शरीरावर किती अवलंबून असतं हे खेड्यातल्या दवाखान्यातही रोज दिसतं. मधुमेहाच्या रुग्णाने गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहून गेलं, तर रक्तातली साखर 30-40 पर्यंत उतरते. माणूस बरळतो, पोटच्या पोराला ओळखत नाही, मग निपचित पडतो. शिरेतून ग्लुकोज दिलं की बऱ्याचदा काही मिनिटांत डोळे उघडून विचारतो, "मला इथं कशाला आणलं?" (अशा बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. थेट दवाखाना गाठा.) म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरलं तरी तो घर सोडून कुठेतरी भलत्याच गावी असल्यासारखा बोलतो, आणि सोडियम हळूहळू वर आणलं की ताळ्यावर येतो. भूल देणं हेसुद्धा हेच काम आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये इथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून आपण रसायनाने माणसाचं भान काढून घेतो आणि परत देतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भान मेंदूवर उभं आहे, याबद्दल डॉक्टर म्हणून मला शंका वाटत नाही. पण ते मेंदूवर उभं आहे एवढ्याने ते कसं निर्माण होतं हे समजलं, असं होत नाही. त्या फरकाकडे पुढे येऊ.

"कोमात आहेत" या एका शब्दात किती अवस्था लपतात

नातेवाईक, आणि कधी कधी आम्ही डॉक्टरही, सगळ्यालाच कोमा म्हणून मोकळे होतो. खऱ्या कोमात डोळे मिटलेले असतात. हाक मारली, चिमटा काढला तरी उघडत नाहीत. ही अवस्था सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. माणूस सुधारतो, दगावतो, नाहीतर डोळे उघडतो.

डोळे उघडले की घरात पेढे वाटले जातात, आणि फसगत होते ती इथेच. डोळे उघडे आहेत, जांभई येते, श्वास स्वतःचा आहे, पण नजर कुठेच ठरत नाही आणि सांगितलेलं काहीच करत नाहीत. जाग परतली, भानाचा मात्र पुरावा नाही. याला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. या नावामुळे लोक "माणसाचं झाड झालं" असं बोलतात, ते ऐकवत नाही. 2010 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी या अवस्थेला "प्रतिसाद नसलेली जागृतावस्था" अशा अर्थाचं नवं नाव सुचवलं. ते मला अधिक प्रामाणिक वाटतं, कारण त्यात फक्त दिसलं तेवढंच सांगितलंय.

यापुढची पायरी म्हणजे मिनिमली कॉन्शस स्टेट. इथे भान मधूनच येतं आणि जातं. सकाळी नजर मुलीच्या मागे फिरते, दुपारी काहीच नाही. एकदा "हात दाबा" म्हटल्यावर दाबतात, नंतर चार वेळा दाबत नाहीत.

याच्या अगदी उलट अवस्था आहे लॉक्ड-इन. ब्रेन स्टेमच्या विशिष्ट भागात लकवा झाला की हात, पाय, चेहरा, जीभ सगळं बंद पडतं, पण भान पूर्ण शाबूत असतं. पापण्यांची उघडझाप आणि डोळे वर-खाली करणं एवढंच उरतं. तेवढ्यावर "हो" आणि "नाही" सांगता येतं, पण कुणी विचारलं तर.

आपल्या भागात याचं जवळचं उदाहरण सापाचं आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. विष नसा आणि स्नायूंमधला संदेश तोडतं, मेंदूला हात लावत नाही. व्हेंटिलेटरवरचा असा रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्यासुद्धा प्रकाशाला आकसत नाहीत. मेंदू मृत झाल्यासारखंच दिसतं. तरी त्याला ऐकू येत असू शकतं, आणि व्हेंटिलेटरचा आधार मिळाला तर तो काही दिवसांत बरा होऊन घरी जाऊ शकतो. अशा खाटेजवळ "आता काही उरलं नाही" असं मोठ्याने बोलू नये. मग बोलणारा डॉक्टर असो की जावई.

ब्रेन डेथ म्हणजे मेंदूमृत ही अवस्था या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. इथे ब्रेन स्टेमचं काम कायमचं थांबलेलं असतं. छाती हलते ती फक्त यंत्रामुळे. आपल्याकडे 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ, किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा, ठरलेल्या चाचण्या करून हे प्रमाणित करतं. त्याआधी विष, भुलीची औषधं, शरीराचं तापमान फार उतरलेलं असणं अशी कारणं नाहीत ना, हे पाहावं लागतं. मण्यारीसारखं विष चुकून मेंदूमृत्यू समजलं जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू आहे. कोमातून लोक परत येतात. मेंदूमृत्यूतून कुणी येत नाही. अवयवदानाबद्दल विचारणा झाली तर "कोमा की मेंदूमृत्यू, आणि दोन्ही चाचण्या झाल्या का" एवढं नक्की विचारा.

अरुणा शानबाग: आतलं बाहेरून कळतं का

हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वाधिक काळ ज्यांच्या खाटेभोवती राहिला त्या अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षं, त्या त्याच रुग्णालयात होत्या.

पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले: टाटा मेमोरियलचे डॉ. दिवाटिया, हिंदुजाचे डॉ. गुरसाहानी आणि सायन रुग्णालयाचे डॉ. शहा. जानेवारी 2011 मध्ये त्यांनी तपासणी केली. त्यांचा अहवाल काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतेक निकष लागू होतात, असं त्यांनी लिहिलं. ऐकण्याचे, पाहण्याचे, स्पर्शाचे प्राथमिक मार्ग शाबूत दिसतात, पण त्या आवाजाचं किंवा स्पर्शाचं भान असल्याचा निश्चित पुरावा तपासणीत मिळाला नाही. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या परिचारिकांचं म्हणणं निराळं होतं. त्यांच्या मते अरुणाताईंना मासे आवडत, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत, गर्दी कमी झाली की शांत होत.

यात खरं कोण? माझ्या मते दोघांनीही खोटं सांगितलं नाही. डॉक्टरांनी एका-दोन भेटींत निकषांना धरून पाहिलं. परिचारिकांनी रोज पाहिलं, पण मायेने पाहिलं. माशाची चव लागल्यावर चेहरा बदलणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते किंवा खरंखुरं सुख. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात याचिका फेटाळली आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्याच निकालाने, ठरावीक प्रक्रिया पाळून, कृत्रिम आधार काढून घेण्याची वाटही देशात पहिल्यांदा मोकळी केली.

प्रतिसाद नाही म्हणजे भान नाही?

2006 मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी रस्ते अपघातानंतर पाच महिने व्हेजिटेटिव्ह अवस्थेत असलेल्या 23 वर्षांच्या तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवलं. तिला सांगितलं, "तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर." मग सांगितलं, "तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस असं मनात आण." दोन्ही वेळा मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागले, आणि ते अगदी निरोगी माणसासारखे होते. बोटही न हलवणारी ती मुलगी सूचना ऐकून पाळत होती.

ते एकटं प्रकरण नव्हतं. 2024 मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेलं काहीच न करणारे 241 रुग्ण अशाच पद्धतीने तपासले, तेव्हा त्यातल्या 60 जणांच्या, म्हणजे चौघांतल्या एकाच्या, मेंदूने सूचना पाळल्याचं दिसलं. अर्थात चौघांतल्या तिघांत तसं दिसलं नाही, हेही तितकंच खरं आहे. पण "नाही दिसलं" आणि "नाही" यात अंतर आहे. तो रुग्ण त्या वेळी झोपेत असेल, ऐकू येत नसेल, भाषेचा भाग निकामी झाला असेल.

अशा चाचण्या आपल्याकडे सहज होत नाहीत. पण नीट पद्धतशीर तपासणीनेही फार फरक पडतो. 2009 च्या एका अभ्यासात व्हेजिटेटिव्ह असा शिक्का बसलेल्या 44 रुग्णांना ठरावीक गुणपद्धतीने पुन्हा तपासलं, तर 18 जणांत भानाच्या खुणा सापडल्या. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. त्यातली एक युक्ती घरीही करता येते: रुग्णाच्या चेहऱ्यासमोर आरसा धरा आणि हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्या. दुसऱ्या वस्तूमागे न फिरणारी नजर कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरते. हाक मारताना आधार कार्डावरचं नाव घेऊ नका. घरात ज्या नावाने बोलावता तेच घ्या.

मग भान मोजणारं यंत्र का नाही?

विज्ञानाची हद्द इथे लागते. मेंदूतून भान कसं तयार होतं यावर आज अनेक सिद्धांत आहेत. एक सांगतो की मेंदूच्या एका कोपऱ्यातली माहिती सगळीकडे जाहीर झाली, गावात दवंडी पिटावी तशी, की ती आपल्या भानात येते. दुसरा म्हणतो की मेंदूच्या भागांची वीण जितकी घट्ट आणि गुंतागुंतीची, तितकं भान जास्त. या दुसऱ्या विचारातून एक उपयोगी चाचणीही निघाली. डोक्यावरून मेंदूला चुंबकीय टिचकी द्यायची आणि उमटणारा प्रतिध्वनी किती गुंतागुंतीचा आहे ते मोजायचं. मडकं घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसंच. गाढ झोपेत आणि भुलीखाली आवाज बद्द येतो, जागेपणी भरलेला.

मात्र दोन्ही बाजूंनी मिळून आखलेल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल 2025 मध्ये छापून आले, तेव्हा दोन्ही सिद्धांतांची काही भाकितं खरी ठरली आणि काही पडली. 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की 25 वर्षांत भानाची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. 2023 मध्ये कॉख यांनी हार मानली आणि दारूच्या बाटल्या दिल्या.

अडचण नेमकी काय आहे? आपल्या पाचोड-पैठणच्या मोसंबीचं बघा. तिच्यातली साखर मोजता येते, आम्लता मोजता येते, जिभेवरून मेंदूकडे गेलेला संदेश टिपता येतो, मेंदूचा कोणता भाग उजळला तेही दाखवता येतं. हे सगळे कागद एका फाईलीत लावले आणि जन्मात मोसंबी न खाल्लेल्या माणसाला दिले, तरी चव कशी असते ते त्याला कळणार नाही. मेंदूतल्या विजेच्या हालचालीसोबत "जाणवणं" का असतं, हा तो प्रश्न. चाल्मर्स यांनी 1995 मध्ये त्याला अवघड प्रश्न म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. काही शास्त्रज्ञांना हा प्रश्नच खोटा वाटतो. एकेकाळी सजीवांत वेगळी प्राणशक्ती असते असं मानत, पेशींचं काम उलगडलं तसा तो विचार मावळला, तसंच इथेही होईल, असं ते म्हणतात. होऊ शकेल. पण आज ते झालेलं नाही. झालंय असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. उलट, विज्ञानाला हे सांगता आलं नाही म्हणून आत्मा सिद्ध झाला, असंही म्हणता येत नाही. नाथांच्या पैठणच्या तालुक्यात हा विषय कीर्तनात निघतो तसा दवाखान्यातही निघतो. त्यावर ज्याची जी श्रद्धा. मी प्रिस्क्रिप्शनवर त्यातलं काही लिहू शकत नाही.

दुखण्याचंही तसंच आहे. ताप मोजायला थर्मामीटर आहे, वेदना मोजायला नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्ट लिहिलं, की सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असा अर्थ काढू नये. मेंदूमृत्यू सोडून बाकी सगळ्या अवस्थांत मी तरी दुखतंय असं धरूनच चालतो. ड्रेसिंग करताना, कूस बदलताना, नळी घालताना आधी सांगा, हळू करा. कण्हणं किंवा चेहरा आक्रसणं दिसलं तर वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि वाटणीच्या गोष्टी खाटेजवळ बोलू नका.

डॉक्टरांना काय विचाराल

आधी कारण विचारा. डोक्याला मार लागल्याने आलेल्या अवस्थेत सुधारणेला वाव अधिक असतो; हृदय बंद पडून, गळफासाने किंवा बुडून मेंदूचा प्राणवायू तुटला असेल तर कमी. पूर्वी पहिल्या प्रकारात 12 महिने आणि दुसऱ्यात 3 महिने उलटले की "कायमची" अवस्था म्हणत. 2018 पासून अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने तो शब्द सोडून "दीर्घकालीन" म्हणायला सुरुवात केली, कारण थोडे रुग्ण त्यानंतरही सुधारतात. सुधारतात म्हणजे चालत घरी येतात असं नव्हे. बहुतेकांना पुढेही सगळ्याच गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो. हे ऐकायला कठीण आहे, पण शेत विकण्याआधी ऐकलेलं बरं.

मग विचारा: झोपेची औषधं चालू आहेत का? सोडियम, साखर, थायरॉईड पाहिलं का? ईईजी केला का? बाहेरून न दिसणाऱ्या फिट चालू असतात आणि त्यावर उपचार होतो.

उपचार थांबवण्याचा विचार मनात आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, आणि गुपचूप नळी काढून घरीही नेऊ नका. 9 मार्च 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने यासाठी रीत घालून दिली आहे. 2023 मध्ये ती सोपी झाली. दोन वैद्यकीय मंडळांचं मत घेतलं जातं. आपण धडधाकट असताना दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे इच्छापत्र करून ठेवता येतं. ते असेल तर मुलांना अंदाज करत बसावं लागत नाही.

एक काम आजपासूनच करा. डॉक्टर दिवसातून दहा मिनिटं येतात, तुम्ही दहा तास बसता. नजर फिरली, बोट हललं, नातवाच्या आवाजाने चेहरा बदलला असं वाटलं, की मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तारीख-वेळ वहीत लिहा. तीच हाक पुन्हा मारून बघा, आणि हाक न मारता तेवढाच वेळ बघा. दोन्हीत फरक पडतो का तेही लिहा. काहीच झालं नाही ते दिवसही गाळू नका. पुढच्या भेटीला डिस्चार्ज कार्ड आणि सिटी स्कॅनच्या फिल्मसोबत ती वही घेऊन या.